घर विद्यापीठाचे नव्हे: महासाथीच्या काळातील अमेरिकी फ्रॅटर्निटी

३ सप्टेंबर २०२० रोजी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाने ब्लूमिंग्टन गावातील ४० घरांविषयी, म्हणजे फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी या विद्यार्थी-संघटनांच्या घरांविषयी, एक निवेदन काढले. या घरांत मिळून विद्यापीठाचे सुमारे २,६०० विद्यार्थी राहत होते. काही घरांत चाचणी झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना कोरोनाची लागण झालेली आढळली होती आणि ४० पैकी ३० घरांना क्वारंटाइनचा आदेश मिळालेला होता. विद्यापीठाच्या स्वतःच्या वसतिगृहांत मात्र लागणीचे प्रमाण त्या मानाने पुष्कळच कमी होते. हे सगळे आकडे हाती असताना विद्यापीठाने ही घरे बंद करावीत अशी शिफारस केली. आदेश दिला नाही, कारण आदेश देण्याचा अधिकारच त्याला नव्हता. मुले विद्यापीठाची होती, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची होती, पण घरे विद्यापीठाची नव्हती.

महासाथीच्या पहिल्या दीड वर्षात अमेरिकेतील फ्रॅटर्निट्यांविषयी जे काही घडले, त्यातील बरेचसे या एका गोष्टीवरून उलगडते. मुले बेफिकीर होती, पार्ट्या करत होती आणि मास्क लावत नव्हती, हे खरे असले तरी अर्धेच खरे आहे. वीस वर्षांची मुले सगळीकडे तशीच असतात; इथे त्यांच्याभोवती जी व्यवस्था उभी होती, ती समजून घेतल्याशिवाय बाकीचे अर्धे कळत नाही.

फ्रॅटर्निटीत वसतिगृह, खानावळ, क्लब आणि भावकी या चारही गोष्टी थोड्याथोड्या असतात. मुलांच्या संघटनेला फ्रॅटर्निटी आणि मुलींच्या संघटनेला सोरॉरिटी म्हणतात, नावे ग्रीक अक्षरांची असतात आणि म्हणूनच या साऱ्या विश्वाला ‘ग्रीक लाइफ’ म्हणण्याची पद्धत आहे. ग्रीस देशाशी त्याचा काही संबंध नाही. ग्रीक अक्षरांचे नाव घेणारे पहिले मंडळ, फाय बीटा कॅपा, १७७६ साली व्हर्जिनियातील विल्यम अँड मेरी कॉलेजात निघाले आणि पुढे गुणवंतांचा सन्मान करणारी संस्था बनले. आज ज्या अर्थाने फ्रॅटर्निटी हा शब्द वापरतात, त्या अर्थाची परंपरा न्यूयॉर्क राज्यातील युनियन कॉलेजात १८२५ साली सुरू झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विद्यार्थी वाढले आणि कॉलेजांकडे त्यांना ठेवायला पुरेशा खोल्या नव्हत्या, तेव्हा या मंडळांनी स्वतःची घरे भाड्याने घेतली, मग बांधली. कॉलेजांची सोय झाली आणि त्यांनी फारशी हरकत घेतली नाही. त्या वेळच्या सोयीची किंमत २०२० साली चुकवावी लागली.

अशा एका घरावर साधारणपणे तीन जणांचा हात असतो. पहिली ती स्थानिक शाखा, जिला चॅप्टर म्हणतात; तिचे अध्यक्ष, खजिनदार वगैरे सगळे विद्यार्थीच, म्हणजे वीस-एकवीस वर्षांचे. दुसरे राष्ट्रीय मुख्यालय, जे बहुधा दुसऱ्याच राज्यात असते, विम्याची आणि शिस्तीची नियमावली पाठवते आणि फार झाले तर शाखेची सनद काढून घेते. तिसरी घराची मालक संस्था, म्हणजे माजी सदस्यांनी स्थापन केलेली आणि चालवलेली कंपनी, जिच्या नावावर जमीन, इमारत आणि कर्ज असते. विद्यापीठ या तिघांच्या बाहेर उभे असते. त्याच्या हाती असते ती ‘मान्यता’: शाखेला विद्यापीठाचे नाव वापरता येणे, सभागृह मिळणे, नव्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचता येणे. ही मान्यता काढून घेता येते, पण घराला कुलूप लावता येत नाही. महाराष्ट्रातील वाचकाला हे चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे मार्च २०२० मध्ये वसतिगृहे रिकामी करण्याची सूचना लागली आणि मुले ट्रंका उचलून गावी निघाली. वसतिगृह कुणाचे हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नाही.

गंमत म्हणजे अमेरिकेतही सरकारने मनावर घेतले तेव्हा ही घरे ताब्यात घेता आली होती. १९१८ च्या शरद ऋतूत, इन्फ्लुएन्झाची साथ ऐन भरात असताना, महायुद्धासाठी विद्यार्थ्यांना सैनिकी शिक्षण देण्याची योजना सुरू झाली आणि अनेक विद्यापीठांत फ्रॅटर्निट्यांची घरे सरळ बराकी म्हणून वापरली गेली. युद्धासाठी ते जमले. साथीसाठी, एका शतकानंतर, शिफारशीवर भागवावे लागले.

आता घराच्या आत पाहू, कारण विषाणूला मालकी हक्काशी कर्तव्य नसते, हवेशी असते. मोठ्या घरात पन्नासपासून शंभरपर्यंत मुले राहतात. खाली बैठकीचा दिवाणखाना, भिंतीवर दर वर्षीच्या सदस्यांच्या छोट्या छोट्या छायाचित्रांची मोठी चौकट, लांबलचक टेबलांची जेवणघराची खोली, एक स्वयंपाकघर, आणि मजल्यागणिक सामाईक स्नानगृह. मध्यपश्चिमेकडील आणि वायव्येकडील राज्यांत तर आणखी एक प्रकार आढळतो: अभ्यासाच्या खोल्या वेगळ्या असतात आणि झोपायला सगळ्यांना मिळून वरच्या मजल्यावर एकच दालन असते, ज्यात दुमजली पलंग ओळीने मांडलेले असतात. त्याला ‘स्लीपिंग पोर्च’ किंवा ‘कोल्ड डॉर्म’ म्हणतात. कोल्ड अशासाठी, की त्याच्या खिडक्या थंडीतही उघड्या ठेवण्याची रीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी क्षयरोगाच्या धास्तीने मोकळ्या हवेत झोपण्याचे जे वेड अमेरिकी घरांत शिरले, त्यातूनच अशा झोपण्याच्या ओसऱ्या लोकप्रिय झाल्या. एका रोगाच्या भीतीने वाढलेली ही रचना दुसऱ्या रोगाच्या वेळी, खिडक्या लावून घेतलेल्या रात्री, नेमकी उलट कामाची ठरावी, यापेक्षा मोठा उपरोध शोधून सापडणार नाही.

कोरोनाची लागण झालेला माणूस लक्षणे दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच इतरांना विषाणू देऊ शकतो, आणि विशीतल्या अनेकांना तर लक्षणे जाणवतच नाहीत. कुटुंबात चार माणसे असतील तर अशा एका माणसामुळे तिघांना धोका असतो. तीस पलंगांच्या दालनात तो एकोणतिसांना असतो, सकाळी रांगेत दात घासताना पुन्हा असतो आणि संध्याकाळी टेबलावर भात-चिकनचे भांडे पुढे सरकवताना आणखी एकदा असतो. पार्टी झालीच नसती तरी हे घर आरोग्य विभागाच्या दृष्टीने एक मोठे कुटुंबच होते, आणि ते कुटुंब रोज वेगवेगळ्या वर्गांत, बारमध्ये, जिममध्ये जाऊन परत येत होते.

पहिली धोक्याची घंटा उन्हाळ्यातच वाजली. जून २०२० मध्ये मिसिसिपी राज्याच्या आरोग्य अधिकाऱ्यांनी ऑक्सफर्ड गावातील वाढत्या रुग्णसंख्येचा संबंध फ्रॅटर्निट्यांच्या सदस्यभरतीच्या पार्ट्यांशी जोडला. जुलैच्या पहिल्या आठवड्यात सिअ‍ॅटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या उत्तरेला असलेल्या ‘ग्रीक रो’ या वस्तीत शंभराहून अधिक फ्रॅटर्निटी-रहिवाशांना लागण झाल्याचे उघड झाले. तिथे त्या उन्हाळ्यात २५ घरांत सुमारे १,००० विद्यार्थी राहत होते, म्हणजे वर्ग ऑनलाइन असूनही मुले घरी गेलेली नव्हती. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात एका आठवड्यात ४७ नवे रुग्ण आढळले आणि विद्यापीठाने त्यांतील बहुतेकांचा माग फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींशी संबंधित पार्ट्यांपर्यंत लावला. ऑगस्टमध्ये विद्यापीठे उघडण्याच्या कितीतरी आधी हे सगळे सर्वांसमोर होते.

तरीही ऑगस्टमध्ये घरे भरली, आणि ती का भरली हे समजण्यासाठी थोडा हिशेब करावा लागतो. समजा, एका शाखेत ८० सदस्य आहेत. दर वर्षी त्यांतील सुमारे २० पदवी घेऊन बाहेर पडतात, म्हणून दर वर्षी २० नवे आले तरच शाखा होती तेवढी राहते. एका वर्षी भरती झालीच नाही, तर उरतात ६०. आणि हे भगदाड त्या एका वर्षापुरते नसते, ती न भरलेली तुकडी पुढची चार वर्षे रिकाम्या खाटांच्या रूपाने घरात फिरत राहते. घराच्या कर्जाचा हप्ता, विमा, आचाऱ्याचा पगार आणि छपराची दुरुस्ती यांचे आकडे मात्र ८० माणसांच्या हिशेबाने ठरलेले असतात. विद्यापीठाकडे सरकारी अनुदान, देणग्या आणि राखीव निधी असतो. माजी सदस्यांच्या छोट्या मालक संस्थेकडे मुख्यतः मुलांचे भाडेच असते. त्यात अनेक घरांत सदस्याने किमान एखादे वर्ष घरात राहिलेच पाहिजे असा करार असतो आणि तो आदल्या वर्षीच सही करून झालेला असतो.

म्हणजे ‘रश’ हा जो नव्या मुलांना हेरण्याचा, भेटण्याचा आणि आमंत्रण देण्याचा हंगाम असतो, तो मौजेइतकाच पोटापाण्याचाही प्रश्न असतो. सोरॉरिटींनी तो बहुतांशी झूमवर नेला: मुलींनी आपल्या खोलीत बसून स्वतःची ओळख करून देणाऱ्या चित्रफिती पाठवल्या आणि संगणकाच्या पडद्यावरच्या चौकटींत गप्पा मारल्या. सोरॉरिटींची भरती पूर्वीपासूनच वेळापत्रकाने, गुणपत्रके भरून होत असे, त्यामुळे त्यांना ते झेपले. फ्रॅटर्निट्यांची भरती मुळातच अघळपघळ. कुणाच्या तरी अंगणात, हातात पेला घेऊन, “ये रे, आत बस” या पद्धतीने होणारी. ती झूमवर नीट होईना, आणि विद्यापीठाने बंदी घातली तिथे ती गावातल्या भाड्याच्या घरांत, कुणाच्याच नजरेत येणार नाही अशी होऊ लागली.

नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने चॅपेल हिल येथे १० ऑगस्टला वर्ग सुरू केले आणि १७ ऑगस्टला, जेमतेम आठवड्याने, पदवीचे शिक्षण पुन्हा ऑनलाइन नेत असल्याचे जाहीर केले. एकाच जागी पाच किंवा अधिक रुग्ण असले की तिथे त्याला ‘क्लस्टर’ म्हणत. पहिल्या चार क्लस्टरांपैकी तीन निवासी इमारतींत होते आणि एक फ्रॅटर्निटीच्या घरात. हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण नंतरच्या बातम्यांत फ्रॅटर्निटीच तेवढी उरली. हजारो मुलांना सामाईक स्नानगृहांच्या इमारतींत परत बोलावण्याचा निर्णय विद्यापीठांचा होता. तो बिघडल्यावर पार्टी करणारा मुलगा दोष द्यायला आयता सापडला, असे माझे मत आहे.

ज्यांना खरोखर आदेश देता येत होता ते अधिकारी विद्यापीठात नव्हते, काउंटीत होते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, आणि तिच्या आरोग्य अधिकाऱ्याला साथीच्या काळात खासगी घरावरही आदेश काढता येतो. सप्टेंबरमध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसन आणि डेन काउंटीच्या आरोग्य विभागाने नऊ घरांना दोन आठवड्यांच्या क्वारंटाइनमध्ये ठेवले. कोलोरॅडोतील बोल्डर काउंटीने १८ ते २२ वर्षे वयाच्या सर्वांनाच एकत्र जमायला दोन आठवडे मनाई केली आणि ३६ पत्त्यांची यादी काढून तिथल्या रहिवाशांना घरातच थांबायला लावले. त्यांत फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींची घरे बरीच होती. मिशिगनमध्ये ईस्ट लॅन्सिंग येथे इंगम काउंटीने ३० मोठ्या घरांना टाळेबंदी लावली, त्यांतील २३ फ्रॅटर्निटी किंवा सोरॉरिटींची होती. आदेश मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २०० डॉलर दंड, असे त्यात लिहिले होते. दंडाची रक्कम पाहता तो पार्टीच्या एका रात्रीच्या खर्चाहून कमी भरला असता. जरब बसली असेल तर ती कैदेच्या शब्दाने.

क्वारंटाइनमधल्या घरातले जिणे बाहेरून वाटते तसे मजेचे नव्हते. लागण झालेल्या मुलाला वेगळी खोली द्यायची म्हटले तर आधी कुणाला तरी त्या खोलीतून हलवावे लागे आणि हलवलेला मुलगा स्वतः संपर्कात आलेला असे. जेवण डब्यांत भरून दाराशी ठेवायचे, पण स्नानगृहाचे काय करायचे, याचे उत्तर इमारतीच्या नकाशातच नव्हते. आचारी आणि सफाई करणारे लोक गावातले, बहुधा वयाने मोठे, आणि घरी आपापले म्हातारे आईवडील असलेले. त्यांनी यावे की न यावे हा निर्णय एकवीस वर्षांच्या ‘हाउस मॅनेजर’ने घ्यायचा. आजारी पडलेल्यांची नावे काउंटीला कळवायची की गप्प राहायचे, हा त्याहून अवघड प्रश्न त्याच्यापुढे असे, कारण एका चाचणीच्या निकालाने सगळ्यांचे दोन आठवडे जात. चाचणी टाळण्याकडे कल झाला तो इथून. त्या मुलाला दोष देताना त्याच्या जागी कुणी प्रौढ माणूस नेमलेला का नव्हता, हेही विचारले पाहिजे.

संघटनेच्या बैठका पडद्यावर आल्या. आठवड्याच्या सभेला साठ चौकटी, अर्ध्या काळ्या. दीक्षाविधी हा फ्रॅटर्निटीचा गाभा. तो गुप्त असतो, शपथ अंधाऱ्या खोलीत, मेणबत्तीच्या उजेडात दिली जाते, आणि सदस्य नसलेल्याने तो पाहायचा नसतो. तो कॅमेऱ्यापुढे करायचा तर मुलाच्या मागे त्याची आई चहाचा कप घेऊन उभी नाही ना, हे आधी पाहावे लागे. काही राष्ट्रीय संघटनांनी दूरस्थ विधीला तात्पुरती परवानगी दिली, काहींनी तो पुढे ढकलला.

फ्रॅटर्निटी म्हटले की डोळ्यांपुढे खांबांचे मोठे घर येते, पण ते सगळ्यांचे खरे चित्र नाही. कृष्णवर्णीयांच्या नऊ ऐतिहासिक संघटना, ज्यांना ‘डिव्हाइन नाइन’ म्हणतात आणि ज्यांतील पहिली फ्रॅटर्निटी, अल्फा फाय अल्फा, १९०६ साली कॉर्नेल विद्यापीठात स्थापन झाली, त्यांच्या बहुतेक शाखांकडे घरे नाहीत. भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या संघटनांचेही तसेच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९९६ मध्ये निघालेली सिग्मा बीटा रो आणि टेक्सासमधील ऑस्टिन येथे १९९८ मध्ये निघालेली डेल्टा एप्सिलॉन साय यांत अमेरिकेत वाढलेली, घरी मराठी, गुजराती किंवा तेलुगू बोलणारी मुले असतात. त्यांचे सदस्य सहसा साध्या भाड्याच्या खोल्यांत विखुरलेले असतात. एका छपराखाली शंभर जण नसल्यामुळे या संघटनांचे नाव क्लस्टरांच्या बातम्यांत क्वचितच आले. पुण्या-मुंबईहून उच्च शिक्षणासाठी गेलेली मुले तर या विश्वात सहसा शिरतच नाहीत. तेव्हा पन्नास-शंभर खाटांची स्वतःची घरे असणे हे प्रामुख्याने जुन्या, गोऱ्या फ्रॅटर्निटी-सोरॉरिटींचे वैशिष्ट्य आहे, आणि साथीने नेमके त्याच वैशिष्ट्यावर बोट ठेवले.

२०२० च्या उन्हाळ्यात हाच मुद्दा आतूनही उपस्थित झाला. मे महिन्यात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर वंशभेदाविषयी देशभर जे वादळ उठले, त्यात टेनेसीतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटींच्या अनेक सदस्यांनी राजीनामे दिले आणि ‘अबॉलिश ग्रीक लाइफ’ ही मोहीम तिथून ड्यूक, एमरी अशा इतर विद्यापीठांत पोहोचली. मुले आपापल्या गावी अडकलेली, घराचा गोतावळा तुटलेला, अशा वेळी राजीनामा देणे सोपे गेले असावे. रोज ज्यांच्याबरोबर जेवतो त्यांना तोंडावर सोडून जाणे अवघड असते.

ड्यूकमध्ये मात्र या सगळ्याचा शेवट कुणाला अपेक्षित नव्हता असा झाला. विद्यापीठाने सदस्यभरती पुढे ढकलली आणि नियम कडक केले, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये अनेक फ्रॅटर्निट्यांनी मिळून विद्यापीठाशी असलेले नातेच तोडले आणि विद्यापीठ ज्या गावात आहे त्या डरहॅमच्या नावाने स्वतंत्र परिषद स्थापन केली. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत भरतीच्या पार्ट्यांतून लागण इतकी पसरली, की विद्यापीठाला १३ मार्चपासून आठवडाभर सर्व पदवी-विद्यार्थ्यांना, म्हणजे ज्यांनी कधी फ्रॅटर्निटीचे दार पाहिले नव्हते त्यांनाही, खोल्यांतच थांबायला सांगावे लागले. मान्यता हे विद्यापीठाचे एकमेव हत्यार होते आणि ज्यांच्यावर ते उगारायचे त्यांनी ते आधीच निरुपयोगी करून टाकले होते.

त्याच आठवड्यांच्या आसपास, व्हर्जिनियातील रिचमंड आणि ओहायोतील बोलिंग ग्रीन येथे, फ्रॅटर्निटीत नव्याने दाखल होणाऱ्या दोन विद्यार्थ्यांचा, दारूची बाटली एका बैठकीत संपवायला लावल्यामुळे, जवळजवळ आठवड्याच्या अंतराने मृत्यू झाला. दोन्ही प्रसंग विद्यापीठाच्या आवाराबाहेरच्या घरांत घडले. वर्षभर पडद्यावर राहिलेली भावकी पुन्हा एकत्र आली, तेव्हा जुन्या प्रथाही तिच्याबरोबर परत आल्या. दोन्ही विद्यापीठांनी त्या शाखांना कायमचे हद्दपार केले आणि दोन्ही राज्यांनी कायदे कडक केले.

डिसेंबर २०२४ मध्ये अशा छळाविरुद्ध पहिला देशव्यापी कायदा झाला. त्यानुसार विद्यापीठांना दोषी ठरलेल्या विद्यार्थी-संघटनांची माहिती नावानिशी जाहीर करावी लागते. मात्र हे नावानिशी जाहीर करण्याचे बंधन विद्यापीठाने स्थापन केलेल्या किंवा मान्यता दिलेल्या संघटनांपुरतेच आहे.